तीसपैकी दोघेच अपंग कसे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमातल्या एका विद्यार्थिनीने देवगड तालुक्यातल्या चार गावांत, साठीच्या पुढच्या आणि घरात एकट्याने किंवा नवरा-बायको दोघांनीच राहणाऱ्या माणसांमधल्या अपंगत्वावर प्रबंध घेतला आहे. मार्गदर्शकांनी चारशेचा नमुना सांगितलाय. चाचणी म्हणून तीस माणसांना भेटल्यावर ‘तुम्हाला काही अपंगत्व आहे का?’ याला ‘होय’ म्हणणारे दोघेच निघाले. एकाचा पाय मधुमेहामुळे काढलेला, दुसऱ्यांना लहानपणापासून ऐकू येत नाही. बाकी अठ्ठावीस जणांनी ‘नाही’ म्हटलं, आणि त्यातले निम्मे तरी तिच्यासमोर भिंतीला धरून उठले. आता लोक खोटं सांगतायत का, प्रश्नावली बदलू की नमुना वाढवू, असं ती विचारते.

मी व्यवसायोपचार तज्ज्ञ (ऑक्युपेशनल थेरपिस्ट) आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात मिळून बावीस वर्षं घरोघर जाऊन काम केलंय, त्यात दोन-तीन अभ्यासांसाठी माहिती गोळा करण्याचं कामही आलं. त्या अनुभवावरून लिहिते.

लोक खोटं सांगत नाहीत. तुम्ही जे विचारलंत त्याचं त्यांनी अगदी बरोबर उत्तर दिलं. गावात ‘अपंग’ किंवा आता ‘दिव्यांग’ म्हणजे ज्याच्याकडे दाखला आहे तो माणूस. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात ते २१ झाले, पण लोकांच्या डोक्यात शब्दाचा अर्थ आहे तोच राहिला: ४० टक्क्यांचा दाखला, युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र), एसटीतली सवलत. गुडघे, कंबर, डोळे, आठवण यांचं वयानं जे होतं त्याला अपंगत्व म्हणतच नाहीत. त्याचं नाव ‘वय झालं’. कणकवलीकडच्या एका वाडीतल्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजी मला म्हणाल्या होत्या, ‘माका काय झाला नाय गो, वय झाला.’ त्या तीन वर्षं खाली रस्त्यावर उतरलेल्या नव्हत्या.

ही फक्त तुमची अडचण नाही. २०११ च्या जनगणनेत देशातले २.२१ टक्के लोक अपंग म्हणून नोंदले गेले, साठीच्या पुढच्यांत ते प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास आलं. राष्ट्रीय नमुना पाहणीची ७६ वी फेरी २०१८ मध्ये झाली, तिथेही एकूण आकडा २.२ टक्केच. त्याच काळात, २०१७-१८ मध्ये, मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने केलेल्या ‘लासी’ या ज्येष्ठांच्या मोठ्या पाहणीची पहिली फेरी झाली. तिने अपंगत्वाचा शब्द बाजूला ठेवून आंघोळ, कपडे, संडास, चालणं, जेवण अशी रोजची कामं विचारली. साठीच्या पुढच्या साधारण चौघांतल्या एकाला यातलं निदान एक काम जड जात होतं. स्वयंपाक, खरेदी, औषधं, पैशांचे व्यवहार अशी कामं धरली तर जवळजवळ निम्म्यांना. देश तोच आणि दशकही तेच, पण प्रश्न बदलल्यावर पाचाचे पंचवीस झाले, पंचवीसाचे पन्नास. म्हणून तीसपैकी दोघं हा आकडा बघून मला आश्चर्य वाटलं नाही. साडेसहा-पावणेसात टक्के होतात ते, जनगणनेच्या जवळपासच.

आता कुठली प्रश्नावली घ्यायची, हे तुमच्या हेतूवर अवलंबून आहे आणि तो तुमच्या प्रश्नात मला नीट दिसला नाही. ‘किती जणांना अडचण आहे आणि ती देशाच्या आकड्यांशी कशी जुळते’ हे हवं असेल तर वॉशिंग्टन ग्रुपचे (संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने अपंगत्व मोजायचे प्रश्न ठरवणारा गट) सहा प्रश्न पुरतात: बघणं, ऐकणं, चालणं किंवा पायऱ्या चढणं, आठवणं आणि लक्ष देणं, स्वतःची निगा, आणि दुसऱ्याशी बोलून समजावणं-समजणं. प्रत्येकाला चार उत्तरं असतात आणि निदान एका बाबतीत ‘खूप अडचण’ किंवा ‘जमतच नाही’ आलं की ती व्यक्ती मोजायची. ‘कोणाला कसली मदत लागते’ हे शोधायचं असेल तर कॅट्झची सहा मूळ कामं (आंघोळ, कपडे, संडासला जाणं, उठबस, लघवी-संडास आवरणं, जेवण) आणि लॉटनची आठ घरगुती-बाहेरची कामं घ्या. आयुष्यात सहभाग किती उरलाय हे बघायचं तर जागतिक आरोग्य संघटनेची ‘व्होडास’ आहे, बारा किंवा छत्तीस प्रश्नांची. आणि हेतू ‘योजनेला पात्र कोण’ असा असेल तर मात्र दाखल्याचाच प्रश्न विचारावा लागेल, मग तुमचा पहिला प्रश्न चुकीचा नव्हता. तुमच्या विषयाला मी वॉशिंग्टन ग्रुप आणि कामांची यादी असं जोडून घेतलं असतं.

भाषांतराकडे थोडं जास्त लक्ष द्या. पुष्कळ मराठी प्रश्नावल्यांत ‘तुम्हाला चालताना त्रास होतो का?’ असं असतं. ‘त्रास’ म्हटलं की माणूस दुखण्याबद्दल बोलायला लागतो. गुडघा रोज दुखतो आणि तरी ती बाई दोन मैल चालते, उत्तर ‘हो, खूप त्रास.’ दुसरीचा अजिबात दुखत नाही, कारण ती चालतच नाही, उत्तर ‘नाही.’ मी बऱ्याच खटपटीनंतर ‘जड’ या शब्दावर आले. ‘घाटी चढायला जड जातं का? थोडं जड, खूप जड, की होतच नाही?’ हे मालवणी बोलणाऱ्यांनाही कळतं आणि संगमेश्वराकडेही. ‘अडचण’ चालेल, पण त्यावर लोक पैशाची अडचण सांगायला लागतात. हे मी गमतीने म्हणत नाही. आणि बघण्याचा प्रश्न ‘चष्मा लावून’ आणि ऐकण्याचा ‘यंत्र लावून’ असा विचारायचा, हे वॉशिंग्टन ग्रुपच्या मूळ प्रश्नातच आहे. भाषांतरात ते गळतं.

खरा माल कामांच्या यादीत आहे, म्हणून तिथे थांबते.

लॉटनच्या यादीत टेलिफोन, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणं, प्रवास, औषधं आणि पैसे आहेत. १९६९ ची अमेरिकेतली यादी आहे ती. देवगडच्या तात्यांना ‘स्वयंपाक करता का?’ विचारलंत तर ते म्हणतील, ‘मी कधीच केला नाही.’ आता हे अपंगत्व की सवय? म्हणून प्रत्येक कामाला दोन प्रश्न लागतात: करता का, आणि वेळ आली तर करता येईल का. त्याचबरोबर यादीत इथली कामं घाला. विहिरीवरून कळशी आणणं, चूल किंवा गॅस पेटवणं, आडाळीवर नारळ किसणं, देवाची पूजा, आठवडा बाजाराला एसटीनं जाऊन येणं, मागीलदारी माडांना पाणी सोडणं, गणपतीत आरतीला शेजारच्या घरी जाणं. शेवटची काही तुम्हाला किरकोळ वाटतील. पण माझ्या बघण्यात माणूस आधी आरतीला जायचा थांबतो, मग बाजाराला, आणि खूप नंतर आंघोळीला मदत लागते. कॅट्झची यादी ही शेवटची पायरी पकडते. तोवर निम्मं आयुष्य घराच्या आत आलेलं असतं.

आणि एक प्रश्न असा, जो तुमच्या अठ्ठावीस ‘नाही’ना फोडेल. ‘हे काम तुम्ही पूर्वीसारखंच करता, की पद्धत बदललीय? की कमी वेळा करता?’ माणूस हरायच्या आधी तडजोड करतो. एक काकी आंघोळ ‘स्वतः’ करत होत्या. पद्धत विचारल्यावर कळलं की न्हाणीचा उंबरठा ओलांडवत नाही म्हणून मागीलदारीच स्टुलावर बसून अंगावर पाणी घेतात, आणि विहिरीवरून पाणी आणवत नाही म्हणून आठवड्यातून दोनदाच. कॅट्झच्या हिशेबात त्या पूर्ण स्वावलंबी. दुसऱ्या एकींनी मोठी कळशी सोडून एक लहान तांब्या-पितळेची लोटी काढली होती. दिवसाला बावीस खेपा, पण ‘पाणी मीच आणते’ हे वाक्य शाबूत. अशी बदललेली पद्धत ही पुढच्या एक-दोन वर्षांत काम सुटण्याची आगाऊ सूचना असते. म्हणून ‘होय/नाही’च्या शेजारी ‘पद्धत बदलली’ असा तिसरा रकाना ठेवाच. तुमच्या प्रबंधातली सगळ्यात उपयोगी माहिती त्या रकान्यात जमेल.

यानंतर घर मोजा. तुम्ही माणूस मोजताय, पण अडचण माणसात आणि घरात मिळून असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००१ च्या वर्गीकरणात हेच तत्त्व म्हणून आहे, कोकणात ते पायऱ्यांच्या रूपानं दिसतं. माझ्याकडे एकाच महिन्यात दोघे गृहस्थ आले होते, दोघांचे गुडघे एक्स-रेवर सारखेच झिजलेले, वयंही बहात्तर-त्र्याहत्तर. एकांचं घर बाजारपेठेत, दारात रिक्षा. ते रोज सकाळी देवळात आणि नंतर चहाच्या टपरीवर. दुसऱ्यांची वाडी रस्त्याच्या वर, जांभ्याच्या चौऱ्याऐंशी पायऱ्या, मधे पाणंद. ते दिवाळीनंतर खाली आलेले नव्हते, मी त्यांना भेटले तेव्हा होळी झाली होती. रस्त्यापासून दारापर्यंत पायऱ्या किती, कठडा आहे का, संडास घरात की खळ्याच्या पलीकडे, बसायचा की उंच, रात्री तिथे दिवा लागतो का, पाणी किती पावलांवर, उंबरठा किती उंच, एवढे सात-आठ मुद्दे पुरतात. पायऱ्या खरंच मोजा, विचारू नका. वर राहणाऱ्याला त्या कमी वाटतात आणि तुम्हाला दम लागल्यामुळे जास्त.

हे सगळं ऋतूवर फिरतं, हे मी उशिरा शिकले. ‘व्होडास’ गेल्या ३० दिवसांबद्दल विचारते. ते ३० दिवस एप्रिलचे की श्रावणातले, यावर उत्तर बदलतं. जांभ्याच्या पायरीवर शेवाळ चढलं की ज्या आजी मे महिन्यात ‘थोडं जड’ सांगतात त्या ऑगस्टमध्ये ‘होतच नाही’ सांगतात. गुडघा तोच. दोन गावं उन्हाळ्यात आणि दोन पावसाळ्यात केलीत तर तुम्हाला गावांमध्ये जो फरक दिसेल तो गावांचा नसेल. चारही गावं एकाच ऋतूत करा, किंवा ते शक्य नसेल तर प्रत्येक गावात दोन्ही ऋतूंत थोडी थोडी घरं घ्या. लावणीच्या दिवसांत जाऊ नका, दार उघडं आणि घरात कोणी नाही असं होईल. गणपती आणि शिमग्यात तर मुळीच नाही. चाकरमानी आलेले असतात, घरात दहा माणसं, सुना सगळं करतात आणि आजींना त्या आठ दिवसांत खरोखरच काही जड जात नाही.

आता ज्याने माझा एक अख्खा अभ्यास वाया गेला ते सांगते. आम्ही एका गावात एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची पाहणी केली आणि आकडा असा आला की एकटे राहणारे हे कुटुंबात राहणाऱ्यांपेक्षा जास्त धडधाकट. आमच्यातल्या एकाने लगेच कारणही शोधलं: कामाची सवय, स्वाभिमान, मोकळी हवा. मला ते पटत होतं, कारण ते ऐकायला बरं वाटतं. मग एका संध्याकाळी आशाताईंबरोबर (गावातल्या आरोग्य कार्यकर्तीबरोबर) वाडीतून उतरताना मी कुलूपबंद घरांबद्दल विचारायला लागले. ‘हे?’ ‘आजींचं माकडहाड मोडलं, धाकट्याने विरारला नेली.’ ‘हे?’ ‘आजोबांना विसर पडायला लागला, दोनदा वाट चुकले, डोंबिवलीला आहेत.’ ‘ते वरचं?’ ‘त्या गेल्या. पडल्या आणि अंथरुणाला खिळल्या, मग दोन महिन्यांत गेल्या.’ ज्यांना एकट्याने जमेना ते एकटे राहिलेच नव्हते. आमच्या यादीत उरले होते ते जमणारे. पाहणी सुरू होण्याआधीच गाळणी लागून गेली होती.

कोकणात ही गाळणी फार मोठी आहे. २००१ ते २०११ मध्ये राज्याची लोकसंख्या वाढत असताना रत्नागिरी जिल्ह्याची १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली, सिंधुदुर्गची ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर. रत्नागिरीत त्या जनगणनेत दर हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या, सिंधुदुर्गात १०३६. तरणी माणसं मुंबईत आणि म्हातारी माणसं घर राखायला, हे आपल्याला माहीतच आहे. पण घर राखणारंही माणूस थकलं की मुंबईला जातं, हे आकड्यात दिसत नाही. उलट दिशेनंही एक प्रवाह आहे: नोकरी संपवून गावी परतणारे साठ-पासष्टीचे लोक. ते त्यातल्या त्यात ठणठणीत असतात, नाहीतर परतलेच नसते. दोन्ही मिळून गावातलं चित्र खऱ्यापेक्षा निरोगी दिसतं.

यावर मी आता असं करते. मतदार यादीवर विसंबत नाही. तिच्यात मुंबईला असलेल्यांचीही नावं असतात. आशाताईंच्या नोंदवहीतून आणि वाडीतल्या दोन जुन्या माणसांबरोबर बसून वाडीवार घरांची यादी करते, बंद घरांसकट. प्रत्येक बंद घराबद्दल शेजाऱ्यांना तीनच गोष्टी विचारते: शेवटी इथे राहणारं ज्येष्ठ माणूस कधी गेलं, कुठे गेलं, आणि ढोबळ कारण काय (वारलं, नेलं, स्वतः गेलं). नाव लिहीत नाही, आजार लिहीत नाही. शेजाऱ्याकडून दुसऱ्याची माहिती घेताय हे तुमच्या नैतिकता समितीला आधी कळवा, त्या बहुधा एवढ्याला हरकत घेत नाहीत. या यादीवरून तुम्हाला टक्केवारी दुरुस्त करता येणार नाही, पण ती किती आणि कुठल्या बाजूला चुकतेय हे प्रामाणिकपणे लिहिता येईल. माझ्या मते प्रबंधातलं ते प्रकरण बाकी सगळ्यावर भारी पडेल.

याच जोडीला ‘एकटं’ म्हणजे काय ते ठरवा. आपल्याकडे एकाच छपराखाली भावांच्या तीन चुली असतात. रेशनकार्डावर आजी एकट्या, पण भिंतीपलीकडे पुतण्या. दुसऱ्या आजींचे दोन मुलगे कार्डावर, दोघेही मुंबईकडे दिवा गावाला, एक वर्षआड येतो. मी रेशनकार्ड बघत नाही. मी विचारते, ‘ताप आला तर पेज कोण आणून देतं?’ ज्यांना या प्रश्नाला उत्तर द्यायला वेळ लागतो, ते एकटे.

चारशेच्या आकड्याबद्दल थोडंच. तो बहुतेक ३८४ च्या सूत्रातून आलाय: प्रमाण ५० टक्के धरलं, पाच टक्क्यांची चूक चालवून घेतली, की ३८४. तुमच्याकडे अंदाज २० टक्क्यांचा असेल तर तेच सूत्र २४६ देतं. पण तुम्ही वाडीवाडीने घरं घेणार, आणि एका वाडीतली माणसं एकमेकांसारखी असतात (सगळ्यांना त्याच पायऱ्या!). वाडीमागे पंधरा माणसं आणि साम्याचा गुणांक (एका वाडीतली उत्तरं एकमेकांशी किती जुळतात त्याचं माप) ०.०५ धरला तर नमुना १.७ पट लागतो, म्हणजे पुन्हा ४१८. तेव्हा मार्गदर्शकांचा आकडा चुकीचा नाही, फक्त तुम्ही एकट्या आहात. एका घराला नीट बसायला दीड तास आणि चढ-उतार वेगळी. मला विचाराल तर दीडशे घरं पूर्ण करा, त्यातल्या बारा जणांशी सविस्तर बोला, आणि तालुक्याची टक्केवारी सांगायच्या भानगडीत पडू नका. मार्गदर्शक ऐकणार नसतील तर छोट्या प्रश्नावलीने चारशे आणि मोठीने ऐंशी, असा मधला मार्ग आहे.

प्रत्यक्ष विचारताना काही गोष्टी सांभाळा. ऐकण्याचा प्रश्न पहिला घ्या, कारण ऐकू येत नसेल तर पुढची सगळी उत्तरं अंदाजपंचे असतात. खूप जण हसून ‘होय होय’ म्हणतात. उजेडात, समोर, त्याच उंचीवर बसा, आवाज मोठा करण्यापेक्षा सावकाश बोला. लघवी आवरत नाही हा प्रश्न बाईने बाईलाच विचारायचा, तोही शेजारीण उठून गेल्यावर. उत्तर कोणी दिलं ते प्रत्येक प्रश्नापुढे लिहा. हल्ली मुलगा डोंबिवलीहून व्हिडिओ कॉलवर असतो आणि तोच उत्तरं देतो. त्याचं आणि आईचं उत्तर दोन्ही लिहा, जुळवायला जाऊ नका. माझा अनुभव असा की जवळ राहणारी सून अडचण जास्त सांगते, लांबचा मुलगा कमी.

आठवणीची चाचणी घेणार असाल तर शंभरातून सात वजा करत जा, असले प्रश्न शाळेत न गेलेल्या माणसाला विचारू नका. हरियाणातल्या बल्लभगडच्या अभ्यासासाठी निरक्षरांना चालेल अशी हिंदी चाचणी मुद्दाम तयार केली गेली होती, ती कशी बदलली ते बघा. इंग्रजी तारखेऐवजी मराठी महिना आणि बाजाराचा वार विचारला तर खरं चित्र दिसतं. तिथीला चुकणारी आजी मला काळजीत टाकते, तारखेला चुकणारी नाही.

चालण्याचा वेग, खुर्चीतून पाच वेळा उठणं, मुठीची ताकद अशा चाचण्या घेतल्या तर प्रश्नांना आधार मिळतो. पण सुरुवातीच्या काळात मी एका आजींना पडवीत प्लास्टिकच्या खुर्चीवरून उठायला लावलं. जमीन शेणाने नुकतीच सारवलेली. तिसऱ्या वेळी खुर्ची मागे सरकली आणि आजी माझ्या हातावर आल्या म्हणून वाचल्या. मला रात्रभर झोप नव्हती. आता खुर्ची भिंतीला टेकवूनच ठेवते, मी बाजूला उभी राहते, आणि पन्नास पावलं चालून छातीत भरून येतं म्हणणाऱ्यांची चाचणी घेतच नाही. शिवाय ज्या माणसाने जन्मभर पाटावर बसून काम केलं त्याच्यासाठी जमिनीवरून उठणं ही जास्त खरी चाचणी आहे. तिचे छापील मापदंड तुम्हाला जुळवता येणार नाहीत, तरी कशाचा आधार घेतला (गुडघा, भिंत, माणूस) एवढं नोंदवा.

संमतीचं काम अंगठा घेऊन उरकू नका. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे वाचता न येणाऱ्या व्यक्तीची संमती घेताना तटस्थ साक्षीदार लागतो. आशाताईंना साक्षीदार करू नका, त्या तुमच्याबरोबर आल्या की घरचे समजतात योजना आली. २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून चष्मा, श्रवणयंत्र अशा साधनांसाठी ३,००० रुपयांची घोषणा झाली तेव्हा आम्ही गावात होतो. ज्या आजोबांनी आधी ‘ऐकू बरं येतं’ सांगितलं होतं त्यांना अचानक काहीच येईना. मी त्यांना दोष देत नाही. ‘यातून तुम्हाला काही मिळणार नाही, मी शिकायला आलेय’ हे आधी आणि शेवटी असं दोनदा सांगा.

आणि एखाद्या घरात खरोखर आबाळ दिसली तर काय करायचं ते जायच्या आधी ठरवा. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे, २००७ च्या कायद्याखाली मुलांकडून पोटगी मागायला प्रांतांकडे न्यायाधिकरण आहे. दोन्हीची माहिती जवळ ठेवा, पण आजींना न विचारता मुलाविरुद्ध काही करू नका. तुम्ही परत निघून जाल, आणि तो मुलगा पाठवतो ते पैसेही थांबतील. मोतीबिंदू, कानातला मळ, चुकीच्या नंबरचा चष्मा, यावर मात्र लगेच काही करता येतं. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात कोणत्या दिवशी काय तपासतात ते कागदावर लिहून न्या. चष्मा बदलल्यावर ‘खूप जड’चं ‘थोडं जड’ झालेली माणसं मी पुष्कळ पाहिलीत.

नमुना वाढवण्याआधी त्याच तीस जणांकडे परत जा. नवी तीस माणसं घेऊ नका. जुन्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडे आहेच; आता त्याच माणसांना कामं विचारा, पद्धत बदलली का विचारा, पायऱ्या मोजा. दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी ठेवलेला तक्ता मार्गदर्शकांना दाखवा, चारशेचं बोलणं मग सोपं जाईल. त्या दोघा दाखलेवाल्यांनाही वगळू नका. पाय काढलेले गृहस्थ कदाचित यादीतली सगळी कामं करत असतील.

नवी प्रश्नावली तयार झाली की इथेच टाका. मालवणीतले शब्द मी आणि माझ्याकडे काम करणाऱ्या दोन बायका मिळून तपासून देऊ. त्या दोघी साठीच्या पुढच्याच आहेत, आणि घाटी रोज चढतात.